पाळण्याचे वॅट

"आई, पाळणा थांबलाय."

"थांबला नाही, थांबवलाय मी. पोरगी उठलीय."

"आत्ता? आत्ता तर कुठं डोळा लागला होता तिचा. अठ्ठावीस वॅट छान चालले होते."

 मग सासूबाईंनी फोन जुईच्या तोंडाशी धरला असणार, कारण एक ओलसर, घरघरता "आऽऽव" माझ्या कानात आला. पाठोपाठ त्यांचा आवाज. "घे, तिलाच विचार किती वॅटची झोप झाली ते."

फोन बंद. शेजारच्या टेबलावरून शहनाज माझ्याकडे बघत होती. "झालं समाधान?"

"कडेवर घेतली असणार त्यांनी. सवय लागते गं मुलांना. मग रात्री कोण घेऊन फिरणार? मीच."

"तुझ्या सासूच्या जागी मी असते ना, तर मीटरच उपटून फेकलं असतं," शहनाज म्हणाली आणि पुढच्या तक्रारदाराचा फोन उचलला.

मीटर उपटून फेकता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी मिरजेत सुगावा मीटरच्या मदत केंद्रात काम करतो. गॅस सिलिंडर जाऊन घराघरांत विजेच्या शेगड्या आल्या, त्याच सुमारास जुनी मीटरं काढून ही नवी बसवली गेली. दारापाशी एकच डबा. घरात कुठे काही चिकटवायचं नाही, वायर ओढायची नाही. तरी घरात काय चालू आहे, कधीपासून आहे, सगळं फोनवर दिसतं.

लोकांना वाटतं, मीटर कॅमेऱ्यासारखं बघतं. ते बघत नाही. ते भागाकार करतं. आणि गुणाकार.

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर, म्हणजे वॅट. दहावीत सगळ्यांनी केलेलं गणित. मी पुढे बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं म्हणून मला ते जरा जास्त आवडतं, इतकंच. समजा, इस्त्री लावली. व्होल्टेज दोनशे तीस, करंट चार पूर्णांक चौतीस अँपिअर. भागा, त्रेपन्न ओहम. गुणा, साधारण हजार वॅट. संध्याकाळी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत व्होल्टेज दोनशे पाचवर उतरतं. तीच इस्त्री मग आठशे वॅटसुद्धा घेत नाही. वॅटवरून ओळखायला गेलात तर वाटेल, ही कुठली तरी वेगळीच वस्तू. पण पुन्हा भागाकार करा, रोध तोच, त्रेपन्नच्या आसपास. वॅट म्हणजे वस्तूचा मूड, आणि रोध म्हणजे तिचा चेहरा. मीटर सेकंदाला हजारो वेळा हे गणित करतं, आणि चेहरे लक्षात ठेवतं.

त्याने लोकांचं काय झालं, ते आम्ही दिवसभर ऐकतो. एक आजोबा रडवेले होऊन विचारत होते, चहाची किटली मुलाच्या फोनवर दिसणार नाही असं काही करता येईल का, डायबेटिस आहे, दोन वेळाच परवानगी आहे. एका बाईंना नवरा घरून काम करतो म्हणून सांगायचा आणि त्याचा कॉम्प्युटर दुपारभर बंद दिसायचा. आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: फोनवरचं हे दृश्य बंद करणं ग्राहकाच्या हातात आहे. बंद मात्र कुणी करत नाही.

मीही केलं नव्हतं.

जुई सात महिन्यांची. निनाद, माझा नवरा, देवगडजवळ समुद्रातल्या पवनचक्क्यांवर असतो. पंधरवड्याने घरी येतो, खारट वास घेऊन. मी कामावर परत जायचं ठरवलं तेव्हा त्याच्या आई विट्याहून आमच्याकडे राहायला आल्या. निनादने कॅमेरा लावू म्हटलं. आईंनी पदर खोचला. "मी काय सोन्याचं दुकान हाय व्हय, कॅमेरा लावायला?" विषय संपला. मग मी मीटरकडे वळले. मीटर तर आधीपासून होतंच. ते लावायला कुणाची परवानगी घ्यावी लागली नव्हती.

पाळणा विजेचा, मोटारीने झुलणारा. मोटारीचं गणित जरा वेगळं. तिला इस्त्रीसारखा एक ठरलेला रोध नसतो. तिच्यावर ओझं पडलं की ती जास्त करंट ओढते, म्हणजे भागाकार केला तर रोध कमी झाल्यासारखा दिसतो. रिकामा पाळणा ०.०८ अँपिअर घेतो, अठरा वॅट. जुई आत असली की ०.१२, अठ्ठावीस वॅटच्या आत-बाहेर. रिकाम्याचा आकडा मिळवायला मी एकदा पाळणा नुसताच चालू केला होता, तर आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"रिकामा पाळणा हलवत नाहीत! शिकल्या-सवरलेल्या पोरी तुम्ही!"

त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी वाद घातला नाही. शिवाय माझा फायदाच होता. आई रिकामा पाळणा कधीही हलवणार नाहीत, म्हणजे पाळणा चालू तर जुई आत. मला एवढंच हवं होतं.

एवढंच, असं मी म्हणते. खरं तर मी सविस्तर आलेखही उघडून ठेवायची. प्रत्येक झोक्याला मोटार जोर लावते, करंट चढतो, उतरतो. स्क्रीनवर झोक्यागणिक एक टेकडी. जुई जागी असली की टेकड्या वेड्यावाकड्या. पाय झाडले की एखादी मध्येच फुटलेली. झोपली की त्या सारख्या दिसायला लागतात, पण अगदी सारख्या नाहीत. मूल झोपेत श्वास घेतं, कूस बदलतं, मूठ उघडतं. ते सगळं हजाराव्या भागात कुठेतरी उमटतं. तक्रारी ऐकता ऐकता मी त्या टेकड्या बघत राहायची. एकदा वीसच वॅट दिसले, तर मी लगेच फोन केला, "आई, जुईचं वजन उतरलंय का? दूध पिते ना नीट?"

"पिते की," आई म्हणाल्या. आवाज जरा दचकल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा जागेवर होता. मला बरं वाटलं.

पाळणा थांबवल्याचा तो फोन झाला, तो याच दिवशी. मग जेवण झालं. डबा धुऊन आले आणि आलेख उघडला.

अठ्ठावीस वॅट. झोके चालू. मी पाणी प्यायले, एक तक्रार नोंदवली, पुन्हा बघितलं.

टेकड्या सारख्या होत्या.

झोपेतल्यासारख्या सारख्या नाही. छापल्यासारख्या. मी आकडे मोठे करून बघितले. ०.१२१, ०.१२१, ०.१२१. एक टेकडी उचलून दुसरीवर ठेवली असती तर कडेला कडा बसली असती.

"शहनाज, इकडे ये."

ती खुर्ची ओढत आली. "काय? छान झोपलीय की."

"इतकं छान कुणीच झोपत नाही."

"म्हणजे?"

मला ते बोलायचं नव्हतं. पाळण्यात जुईएवढं ओझं आहे. आई रिकामा पाळणा हलवत नाहीत. म्हणजे जुई आत आहे. आणि ते ओझं हलत नाहीये. जरासुद्धा नाही. त्यापुढचं वाक्य मी डोक्यात पुरं होऊ दिलं नाही.

आईंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा. मीटर सांगत होतं की फोन चार्जरला लावलेला आहे, बारा वॅट. पंखा बंद. टीव्ही बंद. शेगडी बंद. अख्ख्या घरात दोनच गोष्टी चालू होत्या, फोनचा चार्जर आणि पाळणा.

"शेजारी कुणाला तरी लाव," शहनाज म्हणाली.

मी फोनमधली नावं वर-खाली केली. त्या इमारतीत राहायला येऊन वर्ष होत आलं होतं आणि माझ्याकडे एकाही शेजाऱ्याचा नंबर नव्हता. लागलाच नव्हता कधी. मला घरातलं सगळं इथे बसून कळत होतं.

शहनाजने स्कूटरची चावी उचलली.

मिरज-सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. मी मागे बसून एका हाताने शहनाजचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातात फोन. टेकडी. टेकडी. टेकडी.

"तो मोबाईल आत टाक बघू."

"नाही."

"केतकी, तू बघून काही होणारंय का?"

"तू चालव."

"चालवतेच आहे. उडवता येत नाही मला." मग जरा हळू आवाजात, "काही नसेल गं. मोटार बिघडली असेल."

मोटार बिघडली तर आकडा चढतो किंवा पडतो, असा स्थिर राहत नाही, हे आम्ही दोघीही ग्राहकांना रोज समजावून सांगतो.  पुलावर एक ट्रॉली आडवी झाली होती. लोक खाली उतरून ऊस बाजूला ओढत होते. एक बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मोठ्याने आकडे म्हणत होते, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

जिना मी कसा चढले, आठवत नाही. दाराला आईंनी नुसती कडी लावली होती, कुलूप नाही. आत अंधारलेलं, पडदे ओढलेले, जुईच्या झोपेच्या वेळी ओढतात तसे. पाळणा झुलत होता. त्यात गुलाबी दुपटं, त्यातून डोकावणारं विणलेलं टोपडं, हनुवटीपर्यंत नीट खोचलेलं.

मी हात घातला.

गार होतं. गार आणि टणक.

 पाळणा माझ्या मनगटावर आदळून अडला, मोटार कुरकुरली. शहनाजने मागून येऊन बटण बंद केलं, दुपटं बाजूला केलं, आणि म्हणाली, "या अल्लाह. केतकी, अगं बघ तरी. बघ इकडे."

वरवंटा होता. आईंना मिक्सरमधली चटणी आवडत नाही म्हणून विट्याहून आणलेला काळा, गुळगुळीत वरवंटा. त्याला टोपडं घातलं होतं. पोकळ जागेत तांदळाची पिशवी खोचली होती, वजन भरायला.

मी जमिनीवर बसले. हसू येत होतं का रडू, सांगता येत नव्हतं.  तेवढ्यात खालून, गॅलरीच्या बाजूने, एक ओळखीचा आवाज आला. "आऽऽव."

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीचा कट्टा आहे. आई तिथे पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायांवर जुई उताणी. अंगावर एक झबलं, बाकी उघडी. वरच्या गुलमोहराची सावली तिच्या पोटावर हलत होती आणि ती सावली पकडायला तिची चाललेली धडपड.

मी समोर जाऊन उभी राहिले. आईंनी वर बघितलं.

त्या मला घाबरल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवरा गेल्यावर एकटीने शिवणकाम करून मुलाला इंजिनिअर केलेली, कुणाच्या बापाला न भिणारी, मला बघून दचकली. तिने पटकन जुईला छातीशी धरलं. मी ओरडायचं ठरवून जिना उतरले होते. ते तोंडातच राहिलं. पण सगळं नाही राहिलं.

"मला वाटलं ती गेली," मी म्हणाले. "आई, मला वाटलं जुई गेली. मी सगळा रस्ता..."

"कशानं?"

"हलत नव्हती! पाळण्यात ओझं होतं आणि हलत नव्हतं!"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "ते पण दिसतं व्हय त्यात?"

"तुम्ही असं का केलंत?"

"तू सारखी फोन करतीस," आई म्हणाल्या. "थांबला का, उठली का, कडेवर का घेतली. इथं खाली जरा ऊन-वारा दाखवावा म्हटलं तर वर फोन वाजतोय. म्हणून पाळणा चालू ठेवून यायला लागले. रिकामा हलवायचा नसतो, म्हणून आधी उशी ठेवली. तर तू म्हणालीस, वजन उतरलं." त्या जुईचं झबलं उगाच सारखं करत होत्या. "मग वरवंटा ठेवला. बारशाला नाही का, लेकराच्या आधी वरवंट्यालाच कुंची घालून पाळण्यात ठेवतो आपण? लेकरू तसं टणक व्हावं म्हणून. म्हटलं, दगड चालतो. देवाधर्मालाही चालतो."

मागे शहनाजला हसू फुटलं. तिने ओढणी तोंडात धरली.

मला हसू आलं नाही. मी जुईला घ्यायला हात पुढे केले. आईंनी ती दिली, पण एक क्षण उशिरा. ती उन्हाने गरम झाली होती. मी तिचं डोकं हुंगलं, पायाचे तळवे दाबून बघितले. ती वैतागली.

"शनिवारी मी विट्याला जाते," आई उठत म्हणाल्या. "तुझं तू बघ. मला रोज चोरी केल्यासारखं नाही राहता येत, केतकी."

त्या गेल्या तर नोकरी सोडायची किंवा जुईला पाळणाघरात ठेवायचं. ते मी कितीदा तरी मनात घोळवलं होतं. पण त्या क्षणी नोकरीचं काही आठवलं नाही. त्या दचकल्या होत्या, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वरवंट्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शहनाज गोष्ट चांगली सांगते. जेवणाआधी इनामदार सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. ते आमच्या शाखेचे प्रमुख. एरवी आमच्या मजल्यावर दिसत नाहीत.

"केतकी, तो कालचा आलेख. पुसला नाहीस ना?"

"नाही सर."

त्यांनी खुर्ची ओढली. कंपनी बरेच दिवस एका गोष्टीमागे होती. पाळण्याच्या करंटवरून बाळाची हालचाल ओळखायची. बाळ जिवंतपणी जितकं हलतं, श्वास घेतं, तितकं हललं नाही तर घंटा. "तान्ही मुलं झोपेत जातात, माहितेय ना? काही कारण नसताना. घरच्यांना तासाभराने कळतं. त्याआधी कळलं तर काही वाचतील. झोपलेल्या मुलांचे हजारो आलेख आहेत आमच्याकडे. न हलणाऱ्याचा एकही नाही. कुठून आणणार? कुणाला मागणार?" ते पुढे वाकले. "ओझं मुलाएवढं, पाळणा घरातला, सगळं खरं, आणि आत जीव नाही. असा पहिला आलेख तुझ्या घरी झालाय. मशीनला शिकवायला हाच लागतो."

"आणि घंटा कुठे वाजणार?"

"आईच्या फोनवर. दुसरं कुठे? तुझ्या घरी सगळ्यात आधी बसवू."

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी मला पुलावरची ती बाई दिसत होती, माझ्याकडे बघणारी. अशा किती जणी मोबाईल हातात धरून पुलावर अडकतील? आणि घराघरांत किती सासवा, किती आया, वरवंट्याला टोपडी घालतील? "घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

संध्याकाळी आई बॅग भरत होत्या. जुई पलंगावर पालथी पडून साडीच्या काठाशी झटत होती. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं, घंटा, मशीन, इनामदार सर. आणि म्हणाले, "मी नाही म्हणणार आहे त्यांना. आणि दृश्यही बंद करते. तुम्ही जाऊ नका."

आई घडी घालायच्या थांबल्या. "घंटा वाजली तर पोर वाचतं?"

"प्रत्येक वाचेल असं नाही. एखादं वाचेल. लगेच कळलं तर."

त्या पलंगावर बसल्या. साडीची घडी मांडीवर घेऊन.

"निनादच्या आधी एक झाला होता मला," त्या म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. निनादलाही नसावं, तो कधी बोलला नव्हता.

"पाच महिन्यांचा. गुटगुटीत. तेव्हा कुठली मोटार? कापडाचा पाळणा, त्याला दोरी. सासूबाई देवळात, मी चुलीपुढं. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि भाकरी थापत होते. पाय हलवायचा, भाकरी थापायची. सगळ्या भाकरी झाल्या. म्हटलं, आज काय शहाण्यासारखा झोपलाय." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "अगं, ओझं तेवढंच होतं. पायाला काही कळलं नाही."

जुईने काठ तोंडात घातला. आईंनी तो हळूच काढून घेतला.

"म्हणून मला पाळण्यात ठेवून राहवत नाही हिला. अंगावर असली म्हणजे मला कळतं. तू म्हणतीस, सवय लागते. लागू दे, असं वाटतं मला." मग, जरा वेळाने, अगदी रोजच्या आवाजात, "दे त्यांना ते दगडाचं. नाही म्हणू नकोस. पण घंटा तुझ्या मिरजेत कशाला? घरात वाजू दे. मोठ्यांदा. जो जवळ असेल तो धावेल की."

इनामदार सरांनी ते ऐकून डोकं खाजवलं. फोनवर वाजली तरच लोक पैसे भरतील, असं वरचे साहेब म्हणतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, माझी संमती या अटीवर आहे, आणि आलेख माझ्या घरचा आहे. दोन दिवस गेले. मग होकार आला: आधी घरातली घंटा, मग फोन. मीटरचं दृश्य मी आईंच्या फोनवर देऊन टाकलं; माझ्या फोनवर आता महिन्याचं बिल तेवढं दिसतं. कामावर असताना माझा अंगठा अजून दिवसातून कितीदा तरी आपोआप त्या जागी जातो. तिथे काही नसतं. मग मी पाणी पिते.

शनिवार आला आणि गेला. बॅग पलंगाखाली आहे, भरलेली.

कंपनीला एक आलेख पुरेना. वेगवेगळ्या वजनाचे हवे होते, सलग, मध्ये न थांबता. रविवारी सकाळी शहनाज ऑफिसात बसली, तिकडून बघायला. मी म्हटलं, वरवंटा मी ठेवते. आईंनी ऐकलं नाही. "तू पोरीला घेऊन बाहेर थांब. तिनं बघायला नको." त्यांनी स्वतः दुपटं अंथरलं, वरवंटा ठेवला, टोपडं घातलं, कडा खोचल्या. पडदा ओढला. बटण दाबलं आणि दार लोटून घेतलं, पण पुरतं नाही.

मी जुईला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते, फोन कानाला. मोटारीची घरघर ऐकू येत होती, झोक्यागणिक.

"आला आलेख," शहनाज म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अगं, हे काय? टेकड्या हलतायत."

"हलतायत म्हणजे?"

"सारख्या नाहीयेत. मशीन म्हणतंय, बाळ आहे. झोपेत आहे, पण आहे." तिच्या मागे इनामदार सरांचा आवाज. "सर विचारतायत, तिकडे काय चाललंय?"

मी दाराच्या फटीतून बघितलं. आई पाळण्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन. पाळणा झुलत होता आणि त्यांचा एक हात त्याच्याबरोबर जात होता, येत होता. दुपट्यावर. त्या थोपटत होत्या.

"केतकी? सर म्हणतायत, असला आलेख उपयोगाचा नाही. पाळण्याला कुणाचा तरी हात लागतोय. त्यांना हात काढायला सांग ना."

जुईने माझ्या कानातलं पकडलं. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सांगते," मी म्हणाले, आणि दार अलगद ओढून घेतलं.